वाचन ऐकणारे घर



मुलाचे वाचन शिक्षकानेच सुधारावे, ही समजूत अपुरी आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकास मोठ्याने वाचावयास किती क्षण मिळणार? ते ऐकणारा कान घरीच शोधला पाहिजे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. शिकविणारी गावातलीच सून, आणि घरी अभ्यास घ्यावयास नातवंडे. निरक्षर आजीलाही नातवाचे वाचन कोठे अडले ते कळते. गोष्टीचा अर्थ तुटला की ती त्यास थांबवितेच. तेव्हा पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता शनिवारी दप्तरांतून घरी जाऊ द्यावीत. काही फाटतील, ती खळ लावून चिकटवावीत. सोमवारी मुलास एवढेच विचारावे : आजीने मध्येच काय विचारले?