पलीकडच्या खुर्चीवरून

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



‘क्लायंट आणि कन्सल्टंट’ या विषयावर बोला, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, “अहो, आपल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत दर दुसरा माणूस कन्सल्टंट आहे. मी रेल्वेतला डिप्लोमावाला सिव्हिल इंजिनिअर. मी काय सांगणार?” कार्यकर्ते म्हणाले, “आम्ही टेबलाच्या अलीकडे बसतो, तुम्ही पलीकडे. तिकडून आम्ही कसे दिसतो तेवढं सांगा.” हे मात्र मला पटलं. सर्वेक्षण, नकाशे, पुलांची डिझाईन्स, कामावरची देखरेख यांतलं बरंचसं काम आज सल्लागार कंपन्या करतात. रेल्वेची स्वतःची ‘राइट्स’ ही सल्लागार कंपनी तर १९७४ सालीच सुरू झाली. तेव्हा आपल्यासमोर आज बोलतोय तो एक क्लायंट आहे असं समजा.

पहिला प्रश्न, क्लायंट म्हणजे नक्की कोण? आपल्या कोकण रेल्वेचं उदाहरण घेऊ. जुलै १९९० मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के. म्हणजे एका कामाचे पाच मालक. शिवाय रोहा ते मंगळुरूपर्यंत ज्यांच्या शेतातून, आंब्याच्या बागांतून मार्ग जाणार होता ती माणसं. त्यांचा वाटा कागदावर शून्य. पण गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून वाद पेटला, तेव्हा १९९३ मध्ये तिथलं काम थांबवावं लागलं, चौकशी नेमावी लागली. जानेवारी १९९८ मध्ये गाडी सलग धावली, त्याचं श्रेय श्री. ई. श्रीधरन आणि त्यांच्या इंजिनिअरांना आहेच. पण आपण सल्लागारांनी लक्षात ठेवायचं ते असं की, मीटिंगमध्ये समोर बसलेला साहेब हा क्लायंटचा एक भाग असतो. तुमच्या कामाची झळ ज्याला लागणार आहे, तोही क्लायंटच. त्याच्याशी बोलायला उशीर केलात, तर तो कामाच्या मधोमध येऊन उभा राहतो.

दुसरी गोष्ट शब्दाची. दोन स्टेशनांचे स्टेशन मास्तर फोनवर महत्त्वाचा निरोप देतात, तेव्हा त्याला ‘प्रायव्हेट नंबर’ जोडतात. प्रत्येकाकडे आकड्यांचा छापील तक्ता असतो. निरोप कळला, मान्य आहे, याची खूण म्हणून त्यातला एक आकडा सांगायचा, तो दोघांनी वहीत लिहायचा आणि तक्त्यावर खोडायचा. एकदा दिलेला आकडा पुन्हा द्यायचा नाही. दोघं मास्तर वीस वर्षांचे मित्र असले तरी यातून सुटका नाही. कुणाला वाटेल, हा अविश्वास आहे. मला वाटतं, मैत्री टिकते ती यामुळेच. रात्री दोन वाजता म्हटलेलं ‘हो हो’ सकाळी दोघांना वेगवेगळं आठवतं. तुम्हीही मीटिंग झाल्यावर त्याच संध्याकाळी पाच ओळींची मेल पाठवा. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत आणि काय ठरलं नाही. ही शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही.

तिसरी गोष्ट वाईट बातमीची. रूळ एखाद्या ठिकाणी कमजोर असेल, तर आम्ही ड्रायव्हरला, म्हणजे हल्लीच्या भाषेत लोको पायलटला, लेखी ‘कॉशन ऑर्डर’ देतो. त्यात ‘पुढे जरा जपून’ असं मोघम लिहून चालत नाही. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत आणि ताशी किती वेगाने, हे स्पष्ट लिहावं लागतं. आणि तो कागद त्याला ती जागा येण्याच्या आधीच्या स्टेशनवर मिळतो. जागेवर पोचल्यावर मिळालेल्या कागदाचा काही उपयोग नाही, कारण गाडी लगेच थांबत नसते.

आता तुमचे स्टेटस रिपोर्ट आठवा. माझा दोन सल्लागार कंपन्यांशी आलेला अनुभव सांगतो, नावं नकोत. एकीचा पंधरवड्याचा अहवाल अगदी देखणा, रंगीत आलेखांचा. त्यात तीन महिने काम ‘९५ टक्के पूर्ण’ होतं. उरलेल्या पाच टक्क्यांत काय अडलंय ते कुठेच नव्हतं. चौथ्या महिन्यात कळलं की एका पुलाचं डिझाईन मंजूरच झालेलं नाही. दुसऱ्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर. त्याचा रात्री साडेनऊला फोन आला, “सर, आमच्या नकाशातली लेव्हल जागेवर जुळत नाहीये. उद्याचं काँक्रीट थांबवा. सकाळी लेखी देतो आणि परवापर्यंत सुधारलेला नकाशा देतो.” आमचे वरिष्ठ संतापले, दोन दिवस गेले, त्या मुलाला बोलणी बसली. पण पुढच्या कामाच्या वेळी त्याच साहेबांनी पहिला प्रश्न केला, “तो मुलगा अजून त्या कंपनीत आहे ना?” वाईट बातमी सांगितल्याने नातं तुटत नाही. ती बातमी दुसऱ्याकडून कळली की तुटतं.

चौथी गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची. रूळ बदलायचा तर काही तास गाड्या बंद ठेवाव्या लागतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक सांगायला नको! तीन तासांचा ब्लॉक मिळाला, तर जाणता माणूस अडीच तासांचंच काम धरतो. रूळ कापायच्या आधी सगळं सामान जागेवर आहे का ते मोजून घेतो, कारण एकदा रूळ कापला की माघार नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवतंच, “आलाच आहात तर शेजारचं तेवढंही उरकून टाका.” आपल्या बंगळुरूच्या भाषेत ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’! इथे जो भिडेपोटी हो म्हणतो, त्याचा ब्लॉक वेळेत संपत नाही आणि मागे गाड्यांची रांग लागते. “जरूर करू, पण पुढच्या ब्लॉकमध्ये,” हे वाक्य शिकून घ्या. यात नकारही आहे आणि तारीखही.

आपला सल्ला क्लायंटने मानलाच नाही तर? दिल्ली मेट्रोच्या सुरुवातीला मेट्रो कंपनीला १४३५ मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज हवं होतं, रेल्वे मंत्रालयाचा आग्रह १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजचा. निर्णय ब्रॉडगेजचा झाला. कंपनीने आपलं म्हणणं मांडलं, पण रुसून बसली नाही. डिसेंबर २००२ मध्ये शहादरा ते तीस हजारी गाडी ब्रॉडगेजवरूनच धावली. पुढच्या टप्प्यात नवे मार्ग स्टँडर्ड गेजचे झाले. आधी काम करून दाखवलं की मागच्या सल्ल्याला वजन येतं.

शेवटचं उदाहरण आपल्या दारातलं. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची यलो लाईन, १९.१५ किलोमीटर, १६ स्टेशनं. खांब आणि स्टेशनं आपण रोज सिल्क बोर्डच्या गर्दीत अडकून पाहत होतो, पण गाड्या नव्हत्या. डब्यांचं कंत्राट २०१९ चं, आणि पहिली गाडी हेब्बगोडी डेपोत आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ ला झालं, तेही हाताशी तीन गाड्या असताना. सुरुवातीला २५ मिनिटांनी एक गाडी. सिव्हिलवाल्यांचं काम झालं होतं हे खरं, पण प्रवाशाला खांब नको असतो, गाडीत बसायचं असतं. तुमचं मॉड्यूल वेळेवर झालं याचा क्लायंटला उपयोग तेव्हाच, जेव्हा दुसऱ्याच्या हातातलं कामही होतं. म्हणून प्लॅनच्या पहिल्याच पानावर, आपल्या हातात नसलेल्या गोष्टी नावानिशी आणि तारखेनिशी लिहा आणि दर आठवड्याला त्यांची चौकशी करा.

मित्रांनो, आमच्याकडे तुमच्या कागदावर भरवसा ठेवून रात्री एक ट्रॅकमन हातात कंदील घेऊन रुळावर उतरतो. तुमच्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून कोणी बँकेतून पैसे पाठवतो, कोणी इस्पितळात औषध देतो. ती माणसं तुमच्या मीटिंगला कधीच येणार नाहीत. त्यांच्यासाठी खरं आणि वेळेवर बोलणारा सल्लागार क्लायंटला आपोआप आपला वाटतो. त्यासाठी वेगळं जेवण द्यावं लागत नाही.

 गणपती बाप्पा मोरया!