‘जरा फिरत जा’ हे चिठ्ठीवर लिहून घ्या
(पोफळी येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी मला डिप्रेशन आलं. झोप नाही, भूक नाही, लॅपटॉप उघडायची भीती. नातेवाईक म्हणाले, “नमाज पढ, ईमान कमजोर झालंय.” नमाज मी पढतच होतो. शेवटी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि मी दारात पोचल्यावर म्हणाले, “जरा फिरत जा.” गोळ्या घेतल्या, फिरायला गेलो नाही. चिठ्ठीवर नाही ते औषध नाही, असंच आपण समजतो.

यात एकट्या डॉक्टरांचा दोष नाही. बाहेर पेशंटची रांग असते, आणि फी देऊन नुसता ‘चाला’ हा सल्ला आपल्यालाच पटत नाही. सुई तरी हवी! हे इथलंच नाही. ब्रिटनच्या मेंटल हेल्थ फाउंडेशनच्या २००५ च्या अहवालात, डिप्रेशनवरच्या आपल्या पहिल्या तीन उपायांत व्यायाम धरणारे फॅमिली डॉक्टर फक्त ५ टक्के होते.

पुरावा मात्र आधीच होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९९ चा अभ्यास पाहा. पन्नाशीच्या पुढचे १५६ रुग्ण. १६ आठवड्यांनी व्यायाम करणारे आणि गोळी घेणारे जवळपास सारखेच सुधारले. गोळीचा गुण लवकर आला, एवढंच. पण तो व्यायाम ‘जरा फिरणं’ नव्हता. आठवड्यातून तीनदा, ठरलेला वेळ, गटाने, देखरेखीखाली.

म्हणून डॉक्टरांना विचारा: आठवड्यातून किती दिवस? किती मिनिटं? परत कधी दाखवू? आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. आजार जास्त असेल तर नुसतं चालणं पुरत नाही. जीव नकोसा वाटला तर लगेच घरच्यांना सांगा, १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. इलाज करून घेणं ही आपल्या पैगंबरांचीच शिकवण आहे.

आता बहिणींबद्दल. डॉक्टर आपल्या आईलाही ‘चाला’ म्हणतात. कुठे चालायचं? घाटाच्या रस्त्यावर ट्रक, आणि मोहल्ल्यात प्रश्न: “ही एकटी कुठे निघाली?” पुरुष फजर पढून तसेच फिरायला जाऊ शकतात. तिला सोबत लागते, वेळ लागतो, सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा लागतो.

चिठ्ठी डॉक्टर लिहितील. चहा आपण करायचा.