भिंती कारखान्यात, भरवसा सांध्यात
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'काय करतेस?' याला 'सॉफ्टवेअर' असं उत्तर दिलं की पुढे कुणी विचारत नाही. म्हणून आज जरा सविस्तर सांगते. भिंतींचे पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांना लागणाऱ्या ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते.

लोखंडी टेबलावर साचा मांडतात. सळ्यांची जाळी, विजेचे पाइप, स्विचचे डबे आधीच बसवतात, मग काँक्रीट ओततात. तयार भिंत ट्रेलरवरून साइटवर जाते आणि क्रेनने जागेवर बसते. नवी मुंबईत सिडकोने बामणडोंगरीला २०२२ मध्ये ९६ दिवसांत ९६ घरं उभी केली, ती याच पद्धतीने.

'हा पत्त्यांचा बंगला तर नाही ना?' असं मला हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली पॅनेलची इमारत होती. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंतीचे पॅनेल बाहेर फेकले गेले, वरच्या मजल्यांचा आधार गेला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण दगावले. पुढे १९८६ मध्ये इमारत सुटी करून उतरवली, तेव्हा काही सांध्यांत सिमेंटच्या मालाऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे निघाले.

आपल्याकडे २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या अशा तयार भागांच्या काही प्राथमिक शाळा पडल्या. छताचे तुकडे भिंतींना आणि एकमेकांना नीट बांधलेले नव्हते.

दोन्हीकडे घात सांध्यांनी केला. पॅनेल कारखान्यात मापून, तपासून निघतं. सांधा मात्र साइटवर, उन्हापावसात, घाईत भरला जातो आणि एकदा झाकला की दिसत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही दोन भाग जिथे जुळतात तिथेच बहुतेक चुका सापडतात. म्हणून ही पद्धत मला वाईट वाटत नाही. सांध्याची हयगय वाईट वाटते.

आपल्यापैकी बरेच जण सध्या मुलांसाठी किंवा आईवडिलांसाठी घर बघताहेत. पॅनेलच्या इमारतीत घर घेणार असाल तर तीन गोष्टी विचारा. सांधे भरताना तपासणी कुणी केली आणि त्याची नोंद आहे का? कोणत्या भिंती भार वाहतात? बाहेरच्या सांध्यांतलं सीलंट जुनं झाल्यावर पुन्हा भरायची जबाबदारी कुणाची?

आणि एक. स्वयंपाकघर मोठं करायला भिंत पाडायची आपली हौस इथे चालणार नाही. ती भिंत बहुधा वरच्या शेजाऱ्यांचं घर पेलत असते.

बिल्डरने उत्तर टाळलं तर आपल्या ग्रुपवर मला लिहा. ड्रॉइंग वाचायला मी आहे.