कमिशनची नोकरी
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या पेठेतील कित्येक तरुण कमिशनवर माल विकण्याचे काम पत्करतात. दोन दिवसांची तोंडओळख, हेच त्यांचे शिक्षण! चादरींचे नमुने घेऊन ते पदरच्या भाड्याने गावोगाव हिंडतात. महिनाअखेर मात्र ‘वसुली झाली नाही’, ‘माल परत आला’ म्हणून वजावट होते. कमिशन विक्रीवर की वसुलीवर, हे आधी कोणी सांगितलेलेच नसते.

औषध कंपन्यांच्या विक्रीप्रतिनिधींना 1976 च्या कायद्याने नेमणूकपत्राचा हक्क दिला. विमा-प्रतिनिधींस 2000 साली 100 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. अर्थात, लेखी अटी व शिक्षण मागणे हा उद्धटपणा नव्हे.

पालकहो, कमिशनचा दर, वजावट, भाडे व हिशेबाची तारीख आधी लिहून घ्या. लिहून देण्यास जो कचरतो, त्याच्या दारी मुलास धाडू नका.