मनाच्या दवाखान्यात जाताना
मलकापूरहून मनाच्या दवाखान्यात जायचं म्हणजे बहुधा कोल्हापूरची एसटी धरायची. तिथे दोन वेगळी माणसं भेटतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, औषध तेच लिहून देतात. समुपदेशक गोळ्या देत नाहीत, आपल्याला बोलतं करतात. हे बोलणं साधारण पाऊण तास चालतं, आणि एका भेटीत सहसा भागत नाही. फी किती, अंदाजे भेटी किती, हे आधीच विचारावं. त्यात लाज कसली? खरी धास्ती असते ती गावात कळण्याची. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, मोजके अपवाद सोडता, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. खासगी दवाखानाही त्यातून सुटत नाही. प्रवास जमत नसेल, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही.