बक्षिसाच्या गाडीसंबंधीं दोन शब्द
(बाजाराच्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत दिलेलें व्याख्यान)



सोयाबीन निघालें, हातीं चार पैसे खेळूं लागले, कीं कर्णा लावलेली ती गाडी गांवांत येतेच. तिची रीत आतां सर्वांनीं ओळखली पाहिजे. “ही कंपनीची जाहिरात आहे, विक्री नव्हे,” असें म्हणत पोऱ्या दाराशीं येतो. घरांत बाई एकटी आहे अशी वेळ तो नेमकी साधतो. मावशी, काकू म्हणून पाणी मागतो. (नातीं जोडावयास त्याचें काय जातें?) कूपन खरवडलें कीं बक्षीस लागतेंच! मग हळूच सांगतो, कुकर फुकट, फक्त कर आणि बांधणी मिळून अठराशें रुपये द्या. एका निंदणीवाल्या बाईनें आठवड्याची मजुरी अशी देऊन टाकली. झांकण चार दिवसांत वांकडें झालें. पावती नाहीं, पत्ता नाहीं.

आम्हांस त्या गाडीवाल्याचा राग येतो, पण चावडीवर बसून त्या बाईला हंसणारांचा त्याहून अधिक येतो. ह्या हंसण्याच्या धाकानेंच फसलेलीं माणसें गप्प बसतात, आणि गाडी पुढच्या गांवीं निर्धास्त जाते.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. दाम घेऊन वस्तु फुकट दिल्याचा देखावा करणें व मालाची पावती न देणें, ह्यांस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरविलें आहे. २०२२ च्या जाहिरातींविषयींच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें फुकट म्हटलेल्या वस्तूवर बांधणी-हाताळणीचा खर्च मागतां येत नाहीं; पोंचविण्याचा खर्च तेवढा निराळा. कुकरावर तर आय. एस. आय. चिन्ह असलेंच पाहिजे. तें नसेल तर असला कुकर चुलीवर चढवूं नका, जिवाशीं खेळ आहे.

तक्रार १९१५ ह्या क्रमांकावर फोनवरून करतां येते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत जावें. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाहीं, वकीलहि लागत नाहीं. पण तक्रार कोणावर करणार? म्हणून गाडी आली कीं प्रथम तिचा नंबर टिपा, कूपनाचा फोटो काढा, आणि पैसे देण्यापूर्वीं पत्ता घातलेली पावती मागा. बहुतेक गाड्या तेथूनच चालू लागतील.

ज्यांच्या घरीं जुनीं कूपनें पडलीं असतील त्यांनीं तीं उद्यां शाळा सुटल्यावर घेऊन यावीं. तक्रारी आम्ही लिहून देऊं. सही मात्र ज्याची त्यानें करावी.