निधीच्या वाक्यातला कर्ता



मी कविता लिहिणारा माणूस. जमाखर्च हा काही माझा प्रांत नव्हे. पण शब्दांकडे कान लावून बसायची सवय एकदा जडली की ती बातम्या ऐकतानाही सुटत नाही. दरवर्षी मार्च महिना आला की एक शब्द कानांवर सारखा आदळतो. तो शब्द म्हणजे 'निधी'. निधी मंजूर झाला. निधी आला. निधी वळवण्यात आला. निधी अखर्चित राहिला. निधी परत गेला. ही वाक्यं एकामागून एक ऐकून पाहा. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, कर्ता शोधायचा असेल तर क्रियापदाला 'कोण' असं विचारायचं. मग विचारू या. कुणी मंजूर केला? कुणी वळवला? कुणामुळे परत गेला? उत्तर मिळत नाही. निधी जणू वळवाचा पाऊस. आपणहून येतो आणि मर्जी फिरली की आपणहून निघून जातो.

आज मला या हरवलेल्या कर्त्याबद्दल बोलायचं आहे. कारण हा निधी ज्यासाठी असतो त्यात तुमच्या-माझ्या गावचा दवाखाना आहे, पिण्याचं पाणी आहे, गटार आहे आणि अडलेली बाळंतीणही आहे.

हा प्रश्न नवा नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. आपण आजही तालुक्याच्या गावी 'बीडीओसाहेबांना' भेटायला जातो, ते पद त्याच कार्यक्रमाची आठवण. रस्ते, विहिरी, शेती, आरोग्य अशी सगळी कामं त्यात होती. पैसा होता, अधिकारी होते, जीपगाड्या होत्या. तरी पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, बलवंतराय मेहता समितीनं पाहणी केली तेव्हा तिला एक मोठी उणीव दिसली. या सगळ्यात लोक कुठेच नव्हते. काम लोकांसाठी होतं, पण लोकांनी ठरवलेलं नव्हतं. त्यातूनच पंचायत राज्याची कल्पना पुढे आली. महाराष्ट्रानं वसंतराव नाईक समिती नेमली, १९६१ मध्ये कायदा केला आणि १ मे १९६२ पासून आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. महाराष्ट्रानं मात्र जिल्ह्याला बळ दिलं. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातल्या माणसांनी पाहावा, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे कर्ता शोधायचा प्रयत्न आपल्या राज्यानं साठ वर्षांपूर्वीच केला होता.

पुढे १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे एकोणतीस विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आले. त्यात आरोग्य आणि स्वच्छता आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने आहेत. पिण्याचं पाणी आहे, महिला आणि बालविकास आहे.

आता आपल्या रोजच्या दवाखान्याकडे येऊ. जिल्ह्याच्या गावचं सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालयही राज्य सरकारचं. पण त्याच्या खालचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं. सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र आणि पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात तो वीस हजार आणि तीन हजारांचा आहे. म्हणजे तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जो दवाखाना असायला हवा, तो तुम्ही निवडून दिलेल्या सभागृहाच्या अखत्यारीत येतो. पण त्या सभागृहाकडे येणारा बहुतेक पैसा वरून येतो आणि तो वेगवेगळ्या 'हेड'खाली येतो. ऑफिसात हा शब्द सारखा ऐकू येतो. दुरुस्तीच्या हेडचा पैसा औषधाला चालत नाही. औषधाच्या हेडचा पाण्याला चालत नाही. गरज एकीकडे आणि हेड दुसरीकडे.

याचा अर्थ काय होतो, हे आमच्या भागातल्या एका गावात मी पाहिलं. ही २०२२ सालची गोष्ट. गावच्या उपकेंद्राला नवा रंग लागला होता. भिंती गुलाबी झाल्या होत्या, फरशी बदलली होती, दारावर पाटी होती. बाळंतपणाची खोली होती, टेबल होतं, सिस्टरही होत्या. फक्त पाणी नव्हतं. छतावर टाकी होती, पण तिच्यापर्यंत पाइप आलेला नव्हता. पाण्याशिवाय बाळंतपण कसं करणार? मग पोटात कळा आलेल्या बाईला जीपमध्ये घालायचं आणि तालुक्याला न्यायचं. त्या वर्षी एक सून वाटेतच बाळंत झाली. आई वाचली, बाळ गेलं. पाणी असतं तर ते वाचलं असतंच, असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याचा जन्म घाटातल्या वळणावर झाला नसता, एवढं तर नक्की.

आपल्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती रजिस्टरमध्येच होते. या गावात ती खरोखर भरली. त्या सुनेची सासू आली होती. सगळं वाचून झाल्यावर ती उठली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, ''भाऊसाहेब, रंग ब्येस झालाय. पण बाळ झाल्यावर त्याला काय रंगानं धुवायचं?''

सभेत कुणी काही बोललं नाही. भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी सांगितलं, ''मावशी, तो पैसा दुरुस्तीचा होता. वरूनच तसा आला होता.'' त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणी पैसे खाल्ले असंही नव्हतं. पैसा आला, नियमानं खर्च झाला, बिलं निघाली, कागद पूर्ण झाले. फक्त तो खर्च ठरवताना कुणी त्या मावशीला किंवा तिथल्या सिस्टरला 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं नव्हतं.

पण मावशीच्या त्या एका प्रश्नानं पुढची गोष्ट घडली. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२१ पासून पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना मिळणार होता. त्यातला साठ टक्के 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. उरलेला चाळीस टक्के 'अबंधित', म्हणजे स्थानिक गरजेनुसार वापरायचा. ही माहिती त्या सभेत एका शिक्षकानं सांगितली. ग्रामसभेनं ठराव केला, आराखड्यात काम घातलं आणि काही महिन्यांनी उपकेंद्राच्या नळाला पाणी आलं. तिथं बाळंतपणं होऊ लागली. सगळी नव्हेत, पण होऊ लागली. पैसा तोच सरकारी, गावही तेच. या वेळी वाक्याला कर्ता मिळाला होता.

श्रोतेहो, आपल्या गावांना हिशोब मागता येत नाही असं नाही. जत्रा झाली की देवळापुढच्या फळ्यावर जमाखर्च लिहिला जातो. वर्गणी किती, तमाशाला किती, मांडवाला किती. पाच-पन्नास रुपये इकडेतिकडे झाले तरी पारावर त्याची चर्चा महिनाभर पुरते. आमच्याकडे मशिदीचा वर्षाचा हिशोब जमातीपुढे वाचून दाखवतात. दिव्याच्या बिलापासून चटयांपर्यंत सगळं. म्हातारी माणसं कानामागे हात धरून ऐकतात आणि मध्येच थांबवून विचारतात. मग हेच गाव दवाखान्याच्या पैशाबद्दल गप्प का राहतं?

मला वाटतं, त्याचं कारण आपल्या मनात आहे. वर्गणी आपल्या खिशातून गेलेली असते. सरकारचा निधी मात्र 'आलेला' असतो. आलेल्या पाहुण्याला कुणी जाब विचारत नाही. पण हा पैसा येतो तरी कुठून? साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचं रिचार्ज, मोटारसायकलमधलं पेट्रोल, या सगळ्यांवर आपण कर भरतो. रोजंदारीवरची बाईसुद्धा भरते. तीही वर्गणीच आहे. फक्त तिची पावती मिळत नाही.

दुसरं एक कारण आहे. आरोग्याचं यश डोळ्यांना दिसत नाही. इमारत दिसते, तिची कोनशिला दिसते, फीत कापतानाचा फोटो छापून येतो. पण लस टोचल्यामुळे न झालेला गोवर कुणाला दिसणार? पाण्यात वेळेवर ब्लीचिंग पावडर टाकल्यामुळे न आलेली काविळीची साथ कोण मोजणार? जे घडलं नाही त्याचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून सभागृहात इमारतीसाठी हात पटकन वर होतात आणि सिस्टरच्या रिकाम्या जागेसाठी कुणी बाक वाजवत नाही. आरोग्य मोठ्या इमारतीतच नसतं, हे आपल्याच राज्यानं साऱ्या जगाला दाखवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या फारसं न शिकलेल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायका गावच्या आरोग्याच्या राखणदार झाल्या. आज घरोघर फिरणारी आशाताई त्याच वाटेवरून चालते आहे.

ही आशा योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. त्याच अभियानानं गावोगाव आरोग्य समित्या केल्या आणि त्यांना वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी ठेवला. दहा हजार ही काही मोठी रक्कम नाही. पण गावानं स्वतः ठरवून खर्च करायची ती रक्कम आहे. गरीब आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं गाडीभाडं, डबकी बुजवणं, विहिरीची स्वच्छता असं काहीही त्यातून होऊ शकतं. तुमच्या गावात ही समिती कुणाकुणाची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

लोकांनी विचारलं की फरक पडतो, याचा अनुभवही महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी आणि गावकरी समोरासमोर बसायचे. औषध बाहेरून का आणायला लावलं, सिस्टर का आली नाही, असे प्रश्न चारचौघांत विचारले जायचे. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा लाल रंग वाचू शकते.

याउलट काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. वर्षामागून वर्षं गेली. निवडणुका घ्या, असं अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. प्रशासक वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. काही प्रशासकांनी झटून काम केलं. पण त्याला गावची बाई रस्त्यात अडवून विचारू शकत नाही. जिल्ह्याचा पैसा वाटणाऱ्या जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि कायद्यानं चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. त्या संस्थाच नसतील तर त्या खुर्च्यांवर कोण बसणार? पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभरात पाच वर्षांत ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. नेमक्या त्याच वर्षांत आपल्या बहुतेक जिल्हा परिषदांची सभागृहं रिकामी होती.

मी कुणाला मोर्चा काढायला सांगत नाही. एक साधी गोष्ट सुचवतो. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. पुढच्या सभेला जा. बायकांची सभा आधी झाली का, ते विचारा. उपकेंद्राला या वर्षी किती पैसे मिळाले, कशावर खर्च झाले आणि ते कुणी ठरवलं, एवढे तीन प्रश्न विचारा. आवाज चढवू नका, पण उत्तर मिळेपर्यंत खालीही बसू नका. आणि ते उत्तर दवाखान्याच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहून घ्या. भिंतीला रंग तर दरवर्षी लागतोच. त्यातला थोडा या कामी येऊ दे.

कर्ता कुठे हरवलेला नसतो. तो सभेत मागच्या सतरंजीवर गप्प बसलेला असतो. त्यानं उठून बोलायचं तेवढं बाकी असतं.